सर्व्हेवाले परत येतात का? विद्यापीठातलं संशोधन आणि आपली वस्ती

जनगणनेचा हंगाम आला की दारावरची बेल जरा जास्त वाजते. या वेळची जनगणना दोन टप्प्यांत ठरली आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. पण ठाणे-नवी मुंबईतल्या लोकमान्यनगर, कळवा, तुर्भे स्टोअर किंवा दिघ्यात राहणाऱ्यांना विचारा, वही किंवा टॅब घेऊन दारात उभं राहणारं माणूस त्यांना नवं नाही. कधी महापालिकेचा कर्मचारी, कधी क्लस्टरचा, म्हणजे जुन्या इमारती-चाळींच्या एकत्रित पुनर्विकासाचा, बायोमेट्रिक सर्व्हे, कधी आशाताई, कधी कपडे धुण्याची पावडर कोणती वापरता ते विचारणारी मुलगी. आणि कधी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली दोन-तीन पोरं : "काकू, फक्त दहा मिनिटं. प्रोजेक्टसाठी आहे."

हा लेख या शेवटच्या मंडळींबद्दल आहे. ती कुठून येतात, आपण दिलेल्या उत्तरांचं पुढे काय होतं, आणि त्यातून जे हाती लागतं ते आपल्यापर्यंत परत का येत नाही.

वही सारखीच दिसते, काम वेगळं असतं

जनगणनेचा प्रगणक कायद्याने येतो. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे त्याला उत्तरं देणं बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या १५ व्या कलमामुळे तुमची वैयक्तिक नोंद इतर कोणाला पाहता येत नाही आणि ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाचा किंवा क्लस्टरचा सर्व्हे वेगळा. त्यातून पात्र-अपात्र ठरतं. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर मोफत घर, त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून, असे नियम इथल्या माणसांना तोंडपाठ असतात. त्यामुळे सर्व्हे म्हटलं की आई आधी कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढते. रेशनकार्ड, लाइटबिल, मतदार यादीतला उतारा, सगळं बाहेर येतं.

विद्यापीठाचं संशोधन या दोन्हींत बसत नाही. त्याला उत्तर देण्याचं बंधन नाही. त्यातून घर मिळत नाही आणि जातही नाही. पण दारात उभ्या माणसाने हे नीट सांगितलं नाही, तर घरातली बाई त्याला क्लस्टरवालाच समजते आणि उत्तरंही तशीच देते. उत्पन्न थोडं कमी सांगते, भाडेकरूचा उल्लेख गाळते, गावाकडे असलेल्या मुलाचं नाव घालते. तिचं काही चुकत नाही, तिला अनुभवाने ते शिकवलं आहे. बिघडतं ते संशोधन. त्या आकड्यांवर कोणी तरी पुढे ठाण्यातल्या गरिबीबद्दल निबंध लिहितं.

संशोधक येतात कुठून? आपल्याकडे ते फार लांबून येत नाहीत. १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था वाशीच्या पुलापलीकडे देवनारला आहे. तिच्या जवळच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ती १९५६ ची. पवईच्या आयआयटीत ग्रामीण भागाला उपयोगी तंत्रज्ञानाचं केंद्र आहे आणि मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर ठाण्यातच, बाळकुमला आहे. शिवाय बहुतेक पदवी महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आणि विस्तारकार्याचे, म्हणजे वर्गाबाहेर समाजात जाऊन करायच्या कामाचे, तास असतात. स्त्रियांच्या स्थितीचं सर्वेक्षण हा तर विस्तारकार्यातला ठरलेला प्रकल्प. म्हणजे दारात आलेलं माणूस पीएच. डी. करणारं असू शकतं किंवा गुणांसाठी पन्नास अर्ज भरायला निघालेला एफवायबीएचा विद्यार्थी. दोघांच्या कामाचं वजन सारखं नसतं.

माझ्याच घरी का? शेजारी का नाही?

संशोधक सगळ्यांना विचारू शकत नाही, म्हणून काही घरं निवडतो. निवडलेल्या घरांच्या या गटाला नमुना म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा, इतकीच ती कल्पना आहे. पण भात सारखा शिजला असेल तरच एक शीत पुरतं. ठाण्याचं पातेलं तसं नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं शीत आणि किसननगरच्या चाळीतलं शीत वेगवेगळ्या आचेवर शिजलेलं आहे. म्हणून नमुना चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणत्याही घराला निवडलं जाण्याची ठरावीक संधी राहील अशा पद्धतीने, घ्यावा लागतो. स्टेशनजवळची, कॉलेजच्या मागची, ओळखीच्या कार्यकर्त्याने दाखवलेली घरं घेतली की काम लवकर संपतं आणि निष्कर्ष वाकडा होतो.

नमुना किती मोठा हवा? चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या १०० घरांपैकी ५० घरांनी "पाणी पुरत नाही" सांगितलं, तर संपूर्ण वस्तीचा खरा आकडा साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. ९०० घरं घेतली तर ही फट दोन्हीकडे तीन-साडेतीन टक्क्यांवर येते. पन्नास अर्जांच्या प्रोजेक्टवर "वस्तीतले ६२ टक्के लोक" असं ठोकून लिहिलेलं दिसलं, की वाचणाऱ्याने भुवई उंचावायला हरकत नाही.

आता मोठ्या सर्वेक्षणाचं बघा. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं होती. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० च्या आसपास. पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या मोजणीप्रमाणे ८० लाखांवर होती. हे सर्वेक्षण ठाणे जिल्ह्याबद्दल खूप काही सांगतं. मीरा-भाईंदरपासून मुरबाडपर्यंत सगळं एकत्र करून. दिघ्यातल्या बायकांमध्ये रक्तक्षय किती, हे त्यातून कळणार नाही. प्रभागाचं चित्र हवं असेल तर प्रभागातच संशोधन व्हावं लागतं, आणि ते करणारे बहुतेक वेळा विद्यापीठातलेच असतात. म्हणून या पोरांना दारातून परत पाठवण्याआधी थोडं थांबावं, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र खटकते. या शहरांत गरिबांवर जितकं संशोधन होतं, तितकं श्रीमंतांवर होत नाही. कारण साधं आहे. चाळीचं दार उघडं असतं, टॉवरच्या गेटवर वॉचमन आणि मोबाइलवरची परवानगी असते. नवी मुंबईच्या पामबीच रोडवरचं कुटुंब किती पाणी वापरतं, घरकामाच्या बाईला किती सुट्ट्या देतं, हे विचारायला कोणी वर पोचतच नाही. एकाच वस्तीत दरवर्षी नवी बॅच जाते, तेच प्रश्न विचारते, आणि लोक कंटाळतात.

संमती म्हणजे सही नव्हे

माणसांवर होणाऱ्या संशोधनाला नियम आहेत. त्यातला पहिला म्हणजे माहितीपूर्ण संमती. हे काय आहे, कशासाठी आहे, किती वेळ लागेल, त्रास काय होऊ शकतो आणि नाही म्हटलं तर काहीही बिघडत नाही, हे समजल्यावर दिलेला होकार. आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यांत सामाजिक अभ्यासांचाही विचार आहे. मुंबईतल्या सेहत या संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वं तयार झाली होती. मोठ्या संस्थांमध्ये नैतिकता समिती असते. प्रश्नावली घेऊन बाहेर पडण्याआधी संशोधकाला या समितीकडून मान्यता घ्यावी लागते.

व्यवहारात संमती म्हणजे बऱ्याचदा एक कागद, ज्यावर खाली सही. वर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. वाचलं तरी समजेल असं ते लिहिलेलं नसतं. दारात कोणी आलं तर मोजके प्रश्न विचारावेत. कोणत्या विभागातून आलात, मार्गदर्शक कोण, समितीची मान्यता आहे का, माझा मोबाइल नंबर कशाला हवाय, आणि यातून जे निघेल ते आम्हाला कधी कळेल? शेवटच्या प्रश्नावर पोरं बहुतेक वेळा गडबडतात. त्यांना तो कोणी शिकवलेलाच नसतो.

मग ही उत्तरं जातात कुठे?

आधी संगणकात. नावं काढून त्यांच्या जागी क्रमांक घातले जातात. मग तक्ते होतात, प्रबंध होतो, नाहीतर शोधनिबंध. शोधनिबंध नियतकालिकात छापून येण्याआधी त्याच विषयातले इतर अभ्यासक तो तपासतात. ही तपासणी चांगली असते, पण तिच्यात एक उणीव असते. तपासणारा पुण्यात, दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेला असतो. पद्धत चुकली तर त्याला दिसतं. तुर्भ्यात पाणी पहाटे तीनला येतं की संध्याकाळी, हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

छापून आल्यावर निबंध इंग्रजीत असतो आणि अनेकदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. परदेशी नियतकालिकातला एकच लेख विकत घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर मागतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक देश, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांमधल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी आहे. ज्या बाईने स्वयंपाक थांबवून पाऊण तास उत्तरं दिली, तिचा त्या योजनेत समावेश नाही.

परत का यावं?

इथे संशोधकांची बाजू घेणारे म्हणतात की परत येणं ही सौजन्याची बाब आहे, वेळ असेल तर करावी. मला हे अजिबात पटत नाही. निष्कर्ष लोकांसमोर ठेवणं हा संशोधन तपासण्याचा एक टप्पा आहे, आणि तो गाळला की चुका तशाच छापल्या जातात.

घरी बसून काम करणाऱ्या बायकांचं बघा. ठाण्याच्या आणि कळव्याच्या चाळींत मणी ओवणं, खड्यांचे दागिने चिकटवणं, राख्या, पापड, कपड्यांचे धागे कापणं ही कामं नगावर चालतात. अर्जात प्रश्न असतो, "तुम्ही काम करता का?" समोर मण्यांची परात ठेवून बाई उत्तर देते, "नाही, घरीच असते." तक्त्यात ती बिनकामाची होते. शेकडो घरांत असं झालं की निष्कर्ष निघतो, वस्तीतल्या स्त्रियांचा कामातला सहभाग कमी आहे. हाच तक्ता हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे ठेवा. पाच मिनिटांत कोणीतरी हसेल आणि विचारेल, मग ही पोती कोण संपवतं?

प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की चित्र बदलतं, याचं मोठं उदाहरण सरकारी आकडेवारीतच आहे. वेळ-वापर पाहणीत "काम करता का" एवढ्यावर थांबत नाहीत; काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला काय केलं, ते विचारतात. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता आणि ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. "घरीच असते" या उत्तराच्या पोटात जवळपास पाच तास दडलेले असतात, तेही मणी ओवण्याचे तास धरण्याआधी.

नवी मुंबईचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९७० मध्ये सिडको हे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं राहिलं. गावठाणं बहुतेक ठिकाणी जागेवरच राहिली. शेती गेली, मिठागरं गेली, खाडीत उतरायच्या वाटा बदलल्या. १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आता बाहेरून तयार होऊन आलेल्या प्रश्नावलीत रकाना असेल, "प्रकल्पामुळे घर सोडावं लागलं का? हो किंवा नाही." करावे किंवा घणसोलीतला आगरी आजोबा खरं तेच सांगेल, नाही. आणि ज्याचं सगळं शेत गेलं तो माणूस बाधितांच्या यादीत दिसणारच नाही. ही चूक लंडनच्या तपासनिसाला सापडणार नाही. गावकीच्या बैठकीत निष्कर्ष वाचून दाखवा, तिथे ती सापडेल.

असं करून कोणाचं भलं झालंय का?

महाराष्ट्रातलंच सगळ्यांत ठळक उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर चर्चा झाली. पण ते तिथे थांबले नाहीत, गावांशी बोलत राहिले. पुढे दारूच्या प्रश्नावरही तीच रीत. किती प्यायली जाते, किती पैसा जातो ते मोजायचं आणि लोकांसमोर ठेवायचं. लोकचळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. दारूबंदीच्या परिणामांवर वाद घालता येईल, घातलाही जातो. आकडा लोकांच्या हातात आला की त्याचं काय होऊ शकतं, एवढंच मला दाखवायचं आहे.

जवळचं उदाहरण मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदरचं. पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरची ही वस्ती अधिसूचित नाही, म्हणून पाण्याच्या सरकारी जोडण्या नाहीत. 'पुकार' या संस्थेने इथे पाणी आणि आरोग्य यांवर काम केलं, त्यात प्रश्न विचारणारे वस्तीतलेच तरुण होते. २०१२ मध्ये त्यावरचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. प्रश्न विचारणारा शेजारचाच असला की उत्तर खोटं देणं अवघड जातं. आणि अहवाल वस्तीत न्यावा लागत नाही, तो तिथेच राहायला असतो.

"लोकांना आकडे काय कळणार?"

हा आक्षेप मी प्राध्यापकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांनी एकदा नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेला बसावं. चटईक्षेत्र निर्देशांक, कार्पेट आणि बिल्टअपमधला फरक, कॉर्पस, भाडं, बँक गॅरंटी, सगळं सत्तरीतल्या आजी बिल्डरच्या वकिलाला विचारत असतात. बीसी, म्हणजे भिशी, चालवणाऱ्या बाईला व्याज तोंडी येतं. ज्या आकड्यात आपलं काही गुंतलंय तो माणसाला कळतो. न कळण्याचं कारण बहुधा सांगणाऱ्याच्या भाषेत असतं.

"संशोधक कार्यकर्ता झाला तर तटस्थपणा कुठे राहिला?"

हा आक्षेप गंभीर आहे. निष्कर्ष लोकांना दाखवला आणि लोकांनी दबाव आणला, तर संशोधक तो बदलेल का? बदलू नये. मतदानाने टक्के ठरत नसतात. लोकांनी एखादा आकडा चुकीचा म्हटला, तर संशोधकाने पुन्हा तपासावं. तपासूनही तोच आला तर तो ठेवावा आणि सोबत लोकांचं म्हणणंही नोंदवावं. निष्कर्ष सांगणं एक आणि त्यासाठी मोर्चा काढणं दुसरं. मोर्चा काढायचा की नाही ते वस्ती ठरवेल.

याच्या उलट धोका जास्त खरा आहे. वस्तीला न आवडणारे निष्कर्षही असतात. मुली आठवीनंतर शाळा सोडतात, अमुक जातीच्या घरांना नळाची जोडणी उशिरा मिळाली, घरात मारहाण होते. असे निष्कर्ष समाजमंदिरातल्या पुरुषांच्या सभेत मांडले तर ते दाबले जातील, किंवा कोणी सांगितलं याचा शोध सुरू होईल. कुटुंब आरोग्य पाहणीत मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारतात, ते याच कारणाने. परत सांगतानाही तेवढीच काळजी हवी. बायकांची बैठक वेगळी, आकडा अख्ख्या प्रभागाचा, गल्लीचा नाही, आणि जाताना मदत कुठे मिळते त्याचा कागद हातात.

"नाव फुटलं तर? वस्ती बदनाम झाली तर?"

नाव काढून टाकलं म्हणजे माणूस लपला असं नाही. "सारसोळे गावातल्या मच्छीमार संस्थेच्या एक महिला पदाधिकारी म्हणाल्या" असं लिहिलं की गावात सगळ्यांना कळतं कोण ते. लहान जागेत नावासोबत वय, व्यवसाय, पद, गल्ली यांतलंही काही झाकावं लागतं. निबंध छापण्याआधी त्या बाईला तिचं वाक्य वाचून दाखवलं तर हा घोटाळा टळतो.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यात आपल्याला वाचवेल का? थोडाच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. शिवाय संशोधन आणि सांख्यिकी यांना त्यात सूट आहे. अट एवढी, की ती माहिती एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेण्यासाठी वापरू नये आणि ठरवून दिलेली मानकं पाळावीत. म्हणजे भार पुन्हा विद्यापीठाच्या नैतिकता समितीवर आणि आपण दारात विचारलेल्या प्रश्नांवर.

बदनामीचं म्हणाल, तर ती खरी भीती आहे. "अमुक वस्तीत क्षयरोगाचं प्रमाण जास्त" अशी बातमी आली की खोल्यांची भाडी उतरतात आणि स्थळं येणं थांबतं. कारण बातमीत प्रमाण येतं, कारणं येत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि खिडकी नाही, हे वस्तीतलं कोणीही सांगेल. छापण्याआधी दाखवलं असतं तर ते वाक्य निबंधात आलं असतं.

"सर्व्हेने नळ येतो का?"

नाही. एवढं सरळ उत्तर संशोधकांनीही द्यायला शिकलं पाहिजे. "तुमचे प्रश्न वरपर्यंत पोचवू" असं मोघम आश्वासन देऊन उत्तरं मिळवणं ही फसवणूकच आहे. अहवालाने नळ येत नाही. पण प्रभाग समितीत तक्रार घेऊन जाताना "साहेब, पाणी येत नाही" आणि "१०० घरांपैकी इतक्या घरांना दिवसाला इतकेच लिटर मिळतात, हा विद्यापीठाचा अहवाल" यांत फरक पडतो. अधिकाऱ्याला पहिलं वाक्य टाळता येतं. दुसऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो.

मग संशोधक येत का नाहीत?

आळस हे एक कारण, पण ते फार थोडं. पीएच. डी. सादर झाली की विद्यार्थी नोकरीच्या शोधात निघून जातो. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवास, छपाई, संगणक यांचे रकाने असतात. वस्तीतल्या शेवटच्या सभेसाठी मंडप आणि चहाचा रकाना सहसा नसतो. आणि प्राध्यापकाला बढती मिळते ती निबंधांवर.

राष्ट्रीय मानांकनातही तेच. विद्यापीठांच्या मानांकनात 'आउटरीच आणि समावेशकता' या नावाचा निकष आहे. नाव वाचून वाटतं, समाजाशी संपर्क मोजत असतील. प्रत्यक्षात त्यात बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी किती, मुली किती, आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागास विद्यार्थी किती, दिव्यांगांसाठी सोयी काय, हे बघतात. हे मोजणं महत्त्वाचंच आहे, पण तुर्भ्यात परत कोण गेलं ते त्यात येत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनात समाजावर झालेल्या परिणामाला वेगळे गुण आहेत; २०२१ च्या फेरीत ते एकूण गुणांच्या २५ टक्के होते. त्यातूनही कागदी परिणाम दाखवण्याची स्पर्धा सुरू झाली अशी टीका तिथेच होते. आपल्याकडे उन्नत भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झालं, त्यात संस्था गावं दत्तक घेतात. पण त्याचा रोख मुख्यतः खेड्यांवर आहे. दिघा किंवा मुंब्रा त्या नकाशात कुठे बसतात?

परत येणं म्हणजे नेमकं काय

फार खर्चाचं काम नाही हे. दोन पानांचा मराठी सारांश. मुंब्र्यात तो उर्दू-हिंदीतही लागेल. त्यात पद्धत एका परिच्छेदात, आकडे मोजके, आणि "हे आम्हाला कळलं नाही" असा एक रकाना. मग एक बैठक, लोकांच्या वेळेला. रविवारी दुपारी किंवा रात्री साडेआठनंतर, कॉलेजच्या वेळेला नव्हे. मंडळाच्या मंडपात, बालवाडीत, सोसायटीच्या गच्चीत, कुठेही. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल असा एक कागद आणि मूळ तक्त्यांची एक प्रत प्रभाग कार्यालयाला. आणखी एक प्रत ग्रंथालयात द्यावी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. शहरावर झालेल्या अभ्यासांचे मराठी सारांश तिथे एका कपाटात मिळाले, तर पुढच्या बॅचला तेच प्रश्न पुन्हा विचारत फिरावं लागणार नाही.

आणि आलेच नाहीत तर

तर आपण जायचं. देशातल्या विद्यापीठांचे पीएच. डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात. ते कोणालाही फुकट वाचता येतात, खातं उघडावं लागत नाही. शोधाच्या चौकटीत आपल्या भागाचं नाव टाका. इंग्रजीत आणि देवनागरीत, दोन्हींत टाकून बघा, कारण समाजशास्त्राचे प्रबंध इंग्रजीत असतात आणि मराठी किंवा इतिहास विभागाचे पुष्कळदा मराठीत. स्पेलिंग बदलून बघा, घणसोलीची एकापेक्षा जास्त सापडतील. प्रबंध प्रकरणांनुसार वेगवेगळ्या फाइलींत असतो. सगळा वाचायची गरज नाही. आधी पद्धतीचं प्रकरण उघडा : कुठल्या गल्ल्या घेतल्या, किती घरं, कोणत्या वर्षी. मग निष्कर्षांचं. तिथे आपल्या वस्तीबद्दल काही चुकीचं दिसलं, किंवा उपयोगाचं दिसलं पण कळलं नाही, तर पहिल्या पानावर मार्गदर्शकाचं नाव आणि विभाग असतो. विभागाचा ईमेल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं. पान क्रमांक तेवढा घाला.